दादा चुकीच्या बाकावर बसला तेव्हा

ग्रँटला दुसऱ्या टीमला देऊन टाकल्याचा मेसेज आला तेव्हा मी टोरांटोजवळच्या रिचमंड हिलमधल्या आमच्या घरासमोरचा बर्फ उपसत होते. हातमोजा काढून मेसेज वाचला, हातमोजा घातला, मग पुन्हा काढून तोच मेसेज परत वाचला. फावडं तिथेच बर्फात रोवलं आणि बूट न काढता जाऊन सोफ्यावर बसले. माझा चेहरा बघून अनिरुद्धने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घाबरून विचारलं की कोणी गेलं का. मी म्हटलं, ग्रँट गेला. तो 'अरेरे' म्हणाला, आणि ग्रँट कोण ते लक्षात आल्यावर चहा ठेवायला निघून गेला.

तुम्हालाही ग्रँट माहीत नसणार, म्हणून आधी थोडं सांगते. हॉकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येत असेल तर ते पुसून टाका. इथली हॉकी बर्फावरची. ब्रॅम्पटन ब्रिक्स ही आमची टीम, खालच्या दर्जाच्या लीगमधली. टीव्हीवर दिसत नाही, तिकीट परवडतं, आणि पार्किंगमध्ये खेळाडू स्वतःच्या गाडीची काच खरवडताना भेटतात. अशा टीममध्ये एक खेळाडू असतो ज्याने गोल करावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. त्याला एनफोर्सर म्हणतात. आपल्या छोट्या, चपळ खेळाडूला समोरच्याने मुद्दाम आडवं केलं की ह्याने जाऊन त्याची गचांडी धरायची. दोघं हातमोजे फेकतात आणि ठोसे सुरू होतात. पंच बाजूला उभे राहून बघतात, कोणीतरी खाली पडलं की सोडवतात, आणि मग दोघांना पाच मिनिटं शिक्षेच्या खोक्यात बसावं लागतं.

मी नागपूरची, वय वर्षं बावन्न, बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा धंदा, आणि घरात झुरळ दिसलं तर नवऱ्याला हाक मारणारी. पहिल्या मॅचला मी डोळ्यांवर हात ठेवले होते. दुसऱ्या वर्षी मारामारी सुरू झाली की आमच्या रांगेत सगळ्यात आधी मीच उभी राहायला लागले. खोटं कशाला सांगू, मजा यायची.

हा नाद लावला आमच्या शेजारच्या डॉक्टरकाकांनी. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हाडांचे डॉक्टर, सत्तरच्या दशकात पुण्याहून इकडे आले आणि इथेच रिटायर झाले. ब्रिक्सचे खेळाडू बसतात त्या बाकामागे काकांच्या आणि माझ्या सीझनभराच्या जागा आहेत, आणि आजूबाजूला काकांनी हळूहळू जमवलेली पंधरा-वीस मराठी मंडळी. ग्रँट पहिल्यांदा बर्फावर उतरला, सहा फूट चार इंच, नाक तीन ठिकाणी मोडलेलं, तेव्हा काका म्हणाले, "हा तर आपल्या गल्लीतला दादा." झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेव्हापासून सहा वर्षं तो उतरला की आमची रांग 'दाऽदा, दाऽदा' ओरडते.

दादा म्हणजे थोरला भाऊ, आणि दादा म्हणजे गल्लीत ज्याच्या वाटेला कोणी जात नाही तो. आपल्याकडे एकाच शब्दात दोन्ही माणसं सुखाने नांदतात. एका वर्षी ग्रँट आमच्या मंडळाच्या गणपतीला आला होता. पाच मोदक खाऊन त्याने मला दादाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, 'बिग ब्रदर'. दुसरा अर्थ सांगायची ती जागा नव्हती. तासाभराने आरतीनंतर तो पुन्हा माझ्याकडे आला आणि त्याने तेच, त्याच शब्दांत, पुन्हा विचारलं. मला वाटलं, शब्द फारच आवडलेला दिसतोय. मी आनंदाने पुन्हा सांगितलं. काका शेजारी प्रसादाची वाटी घेऊन उभे होते. ते काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत.

तर असा आमचा दादा एका सकाळी गेला. आणि कोणाच्या बदल्यात, तर कोणाच्याच नाही. ह्या लीगमध्ये एक पद्धत आहे. समोरच्याकडे द्यायला खेळाडू नसला तर कागदावर 'फ्युचर कन्सिडरेशन्स' लिहितात. म्हणजे पुढचं पुढे बघू. नाक, दात आणि दोन्ही हातांची बोटं आमच्यासाठी मोडून घेतलेला माणूस आम्ही 'पुढचं पुढे बघू'च्या बदल्यात देऊन टाकला. तेही क्विबेकच्या त्या टीमला, जिच्याविरुद्ध तो सगळ्यात जास्त मारामाऱ्या करायचा. मी दोन दिवस नीट जेवले नाही. अनिरुद्धला वाटलं, डाएट चालू आहे.

तिसऱ्या दिवशी काकांनी बेल वाजवली. फेब्रुवारीत फॅमिली डेच्या लाँग वीकेंडला ब्रिक्सची मॅच तिकडेच होती. "जाऊन बघू," ते म्हणाले. "मला त्याला एकदा जवळून बघायचंय." मला वाटलं, निरोप घ्यायचा असेल. मला स्वतःला तर एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, की त्यांची लाल जर्सी घातल्यावर तो आमचा राहिलाय की नाही. जुन्या चादरीवर मी निळ्या रंगात हातभर उंचीची अक्षरं रंगवली, DADA. त्याला वाचता यावं म्हणून इंग्रजीत.

शनिवारी सकाळी आठला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, 401 हा हायवे सरळसोट आणि कंटाळवाणा आहे. टोरांटो सोडेपर्यंत ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून जायचं, ओशावाच्या पुढे जरा मोकळा श्वास घ्यायचा. किंग्स्टनच्या अलीकडच्या सर्व्हिस सेंटरवर गाडीत पेट्रोल आणि पोटात कॉफी भरून घ्या. खायचं घरून न्या. आम्ही दशम्या, तिळाची चटणी आणि काकांच्या खास मागणीवरून वांग्याचे काप नेले होते. कापांचा वास गाडीतून अजून गेलेला नाही. विंटर टायर नसतील तर जाऊच नका. क्विबेकच्या गाड्यांना तर ते हिवाळ्यात कायद्यानेच लावावे लागतात.

कॉर्नवॉलच्या पुढे पाट्यांची भाषा बदलली. मी बोलत होते आणि काका ऐकत होते. मी सांगत होते की ग्रँट मनाने आपलाच असणार, की आपल्याला बघून तो नक्की हात करेल. काकांनी मध्येच विचारलं, गेल्या सीझनला तो कितीदा पडला ते आठवतं का. मी म्हटलं, त्याने किती जणांना पाडलं ते आठवतं.

तीन वाजता मॉन्ट्रियलला शिरीषकडे पोहोचलो. शिरीष अनिरुद्धचा कॉलेजातला मित्र, वीस वर्षं तिथे असल्यामुळे त्याच्या मराठीत आता फ्रेंचही मुरलंय. तिकिटं त्यानेच काढून ठेवली होती, अठ्ठावीस डॉलर एकाचं, आणि दुभाषा म्हणून तोही येणार होता. संध्याकाळी त्याने आम्हाला पुटीन खायला घातलं. तळलेले बटाटे, त्यावर चीजचे गोळे, त्यावर गरम तपकिरी रस्सा. दिसायला भयंकर, थंडीत चवीला उत्तम. बाराएक डॉलरमध्ये दोघांचं पोट भरतं.

घरी आल्यावर मी कौतुकाने चादर उलगडून दाखवली. शिरीषने ती वाचली आणि तो खुर्चीत बसून हसायला लागला.

"वहिनी, हे तिकडे नको नेऊस, सिरियसली. फ्रेंचमध्ये दादा म्हणजे घोडा."

मला पटेना. म्हणाला, मोठा घोडा नव्हे, लहान मुलांचा. बाळाला मांडीवर बसवून डुगडुग करताना म्हणतात तो. काका पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. मी मात्र हट्टाला पेटले. म्हटलं, असेल घोडा तर असू दे, शब्द आमचा आहे, ज्याच्यासाठी आहे त्याला कळतो. आता घोडामैदान जवळच होतं.

रविवारी दुपारी तीनची मॅच. अकराला निघालो. मॉन्ट्रियलपासून सेंट लॉरेन्सच्या काठाकाठाने दोन तास. नदी गोठलेली, त्यावर मासेमारीच्या रंगीत झोपड्या, आणि क्षितिजावर कागद गिरणीचा धूर. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी त्या गावाला शिव्या घालू नयेत. गाव गोड आहे. चर्चसमोरच्या बेकरीत मेपलची पेस्ट्री मिळाली, आणि काकांना थंडी वाजतेय म्हणून मालकिणीने पैसे न घेता कॉफी दिली.

स्टेडियम म्हणजे साडेतीन हजारांचं, लाकडी बाकांचं, तळणाच्या वासाने भरलेलं. आम्हाला ब्रिक्सच्या बाकामागेच जागा मिळाल्या, मध्ये फक्त एक काच. त्या काचेवर मी चादर लावली. दोन मिनिटांत आजूबाजूला खसखस पिकली. एका आजोबांनी नातवाला मांडीवर घेऊन डुगडुगवलं आणि माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. लाल जर्सीत ग्रँट बर्फावर आला तेव्हा मी जीव तोडून 'दाऽदा' ओरडले, आणि माझ्यामागे अख्खा कोपरा हसत हसत 'दाऽदा, दाऽदा' ओरडायला लागला. काहींनी टाळूवर जीभ आपटून टापांचा आवाज काढला. त्यांच्या नव्या पहिलवानाला बारशाचं नाव मिळालं होतं. ग्रँटने मान वळवून चादरीकडे बघितलं, पण हात केला नाही. माझं मन खट्टू झालं.

ग्रँटच्या जागी ब्रिक्सने एकवीस वर्षांचा एक जाडजूड मुलगा आणला होता. दुसऱ्या सत्रात ग्रँटने आमच्या नोआला बोर्डवर, म्हणजे कडेच्या कठड्यावर, दाबलं. हा नोआ आमचा छोटा, हुशार खेळाडू. सहा वर्षं ग्रँटने ज्याच्या केसाला धक्का लागू दिला नाही, तो हाच. मी 'अरे, लाज वाटते का' असं ओरडले, चक्क मराठीत. गेल्या महिन्यापर्यंत हेच तो दुसऱ्याच्या पोरांना करायचा तेव्हा मी टाळ्या वाजवत होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

नवा मुलगा लगेच धावून आला. हातमोजे पडले. मी उभी राहिले, आणि मला कळेना की ओरडायचं कोणाच्या बाजूने. ग्रँटचे दोन ठोसे बसले. मग त्या मुलाचा एक उजवा हात कानशिलावर असा बसला की ग्रँटचं हेल्मेट निघून बर्फावर घरंगळत गेलं. तो पडला नाही. तो हसला. पंचांनी दोघांना दूर केलं, लोक पाय आपटायला लागले, आणि मी पुन्हा 'दादा' अशी हाक मारली. ह्या वेळी कौतुकाची नव्हती, काळजीची होती.

ग्रँट वळला. त्याने चादरीकडे बघितलं आणि सरळ आमच्या दिशेने यायला लागला. शिक्षेचा खोका पलीकडे, त्याच्या टीमचा बाक त्या खोक्याच्या बाजूला, आणि हा आमच्याकडे. ब्रिक्सच्या बाकाचं छोटं दार त्याने सरावाने उघडलं, आत आला आणि अगदी टोकाला, जिथे तो सहा वर्षं बसायचा, तिथे लाल जर्सीत जाऊन बसला. पाण्याची बाटली उचलून तोंडावर पाणी मारलं.

अख्खं स्टेडियम दणाणलं. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. ब्रिक्सची पोरं काठ्या आपटत होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी शिरीषचा दंड धरून सांगत होते, बघ, मी म्हटलं नव्हतं, तो आमचाच आहे, हाक मारली आणि आला. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय.

"मनीषा, ती चादर खाली घे," काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, बघताय ना, तो आला.

"तो आपल्याला भेटायला आलेला नाही. तो कुठे आहे तेच त्याला माहीत नाही."

मी काचेतून नीट बघितलं. ग्रँट तीन हातांवर होता. तो आमच्याकडे बघत होता पण त्याचे डोळे आमच्यावर थांबत नव्हते. शेजारी बसलेला नोआही हसत होता. त्याने ग्रँटच्या गुडघ्यावर थाप मारून काहीतरी विचारलं, ग्रँटने काहीतरी उत्तर दिलं, आणि नोआचं हसू तिथल्या तिथे मावळलं. तोवर पंच येऊन ग्रँटच्या कोपराला धरून त्याला शिक्षेच्या खोक्याकडे घेऊन गेले. लोकांच्या लेखी तो दिवसातला सगळ्यात मोठा विनोद होता.

चादर गुंडाळून मी पायाखाली सरकवली. पण शब्द कसा गुंडाळणार. अख्खं स्टेडियम आता 'दाऽदा, दाऽदा' ओरडत होतं, टापांच्या आवाजासकट, आणि खोक्यात बसलेला ग्रँट प्रत्येक हाकेला आवाजाच्या दिशेला मान वळवत होता. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मी शिरीषला म्हटलं, ह्यांना थांबायला सांग. त्याने मागच्या रांगेला फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यांनी मान डोलावली, माझ्याकडे बघून मांडीवर घोडा दौडवल्याची नक्कल केली आणि जास्तच जोराने ओरडले. त्यांचा काही दोष नव्हता. हे त्यांना मीच शिकवलं होतं.

काका एव्हाना पायऱ्या उतरून खाली गेले होते. दारापाशी पिवळ्या जाकिटातली एक बाई होती, तिला ते इंग्रजीत सांगत होते की मी डॉक्टर आहे, त्या माणसाला बाहेर काढा. तिला इंग्रजी येत नव्हतं. शिरीषने धावत जाऊन सांगितलं. ती भली बाई होती, तिने वॉकीटॉकीवर कोणालातरी विचारलं. उत्तर आलं की टीमचे लोक बघून घेतील, प्रेक्षकांनी जागेवर बसावं. काकांनी मोडक्या फ्रेंचमध्ये 'त्याचं डोकं, त्याचं डोकं' असं दोनदा म्हटलं. ती नुसतीच त्यांचा हात थोपटत राहिली.

घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. पाच मिनिटं संपली की दोघं पुन्हा बर्फावर येणार, आणि तो मुलगा खोक्यातून ग्रँटला बोटाने खुणावत होता, की पुन्हा होऊन जाऊ दे. मला काय झालं कोणास ठाऊक, मी दोन्ही हातांनी नोआच्या मागची काच बडवायला लागले. नोआ वळला. मी ओरडून सांगितलं, तो ठीक नाही, त्याला तू थांबव. काचेच्या फटीतून त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"मला माहीत आहे. त्याने मला विचारलं की आज आपण कोणाशी खेळतोय."

खोक्याची दारं उघडली. तो मुलगा हातमोजे ढिले करतच ग्रँटकडे निघाला. आणि नोआ, आमचा पाच फूट आठ इंचांचा नोआ, बाकावरून उडी मारून सरळ त्या दोघांच्या मधे गेला. मला वाटलं, ढकलणार. त्याने काठी टाकून ग्रँटला मिठी मारली. डोकं त्याच्या छातीत खुपसून दोन्ही हातांनी लाल जर्सी पाठीमागे अशी घट्ट धरली की पंचांना ती सोडवेना. ब्रिक्सचा कोच त्याच्यावर किंचाळत होता. लोक हुर्यो उडवत होते. ग्रँटने एकदा त्याला दूर करायचा प्रयत्न केला, मग हात खाली सोडले आणि नुसता उभा राहिला. खेळ थांबला, डॉक्टरची बॅग घेऊन कोणीतरी घसरत आलं, आणि नोआ त्याला तसाच धरून दारापर्यंत घेऊन गेला. शिक्षा नोआलाच झाली.

त्यानंतरची मॅच आम्ही बघितली नाही. काका म्हणाले, पार्किंगमध्ये थांबू. उणे चौदा होतं, उजेड कलत होता. तासाभराने मागच्या दारातून क्लबच्या एका माणसाबरोबर ग्रँट बाहेर आला. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर बर्फाची पिशवी, आणि त्याला हॉस्पिटलला न्यायला गाडी चालू करून ठेवलेली. काकांना बघून तो थांबला. 'हाय डॉक' म्हणाला. मला बघून हसला.

"आपण जिंकलो का?"

आपण म्हणजे कोण, ते मला विचारवलं नाही. मी म्हटलं, हो, जिंकलो.

काकांनी त्याच्या हातात स्वतःचा नंबर लिहिलेला कागद ठेवला आणि सांगितलं की मी हाडांचा डॉक्टर आहे, मेंदूचा नाही, पण मेंदूची डॉक्टरीण माझ्या ओळखीची आहे, तिला दाखवल्याशिवाय पुन्हा कोणाच्या अंगावर जाऊ नकोस. ग्रँट म्हणाला, तेवढं सोडलं तर मला दुसरं काही येत नाही, डॉक. तक्रारीचा सूर नव्हता. मग तो माझ्याकडे वळला. म्हणाला, ही माणसं म्हणतात दादा म्हणजे घोडा. तुमच्यात काय अर्थ होतो? मला कधी कोणी सांगितलंच नाही.

गणपतीत मी त्याला दोनदा सांगितलं होतं. मी काकांकडे बघितलं. काका बर्फाकडे बघत होते, आणि त्या दिवशी प्रसादाची वाटी हातात धरून ते काय बोलणार होते ते मला आत्ता कळलं. ह्या वेळी मी दोन्ही अर्थ सांगितले. एक थोरला भाऊ. दुसरा, गल्लीतल्या लोकांसाठी मारामाऱ्या करणारा. ग्रँटने डोक्यावरची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मग इतक्या लांबून तुम्ही ह्यातला कोणता बघायला आलात?"

क्लबच्या माणसाने गाडीचं दार उघडलं, ग्रँट आत बसला आणि गाडी गेली.

सोमवारी परत निघालो. किंग्स्टनला कॉफी घेताना मी काकांना रागाने विचारलं, तुम्हाला गणपतीतच शंका आली होती, मग तुम्ही का नाही बोललात. काका म्हणाले, "आपली टीम तेव्हा जिंकत होती गं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी तरी कुठे वेगळी होते.

घरी आल्यावर क्लबच्या वेबसाइटवर बघितलं, 'अपर बॉडी इंज्युरी'. हॉकीत दुखापत कुठे झाली ते नेमकं सांगत नाहीत, कमरेच्या वर किंवा खाली, एवढंच. काका म्हणाले, खोटं नाही, डोकं कमरेच्या वरच असतं. आमच्या रांगेच्या ग्रुपवर मी झालेलं सगळं लिहिलं. काहींनी रडकं तोंड पाठवलं, एकाने विचारलं की तो नवा मुलगा मारतो कसा. पुढच्या मॅचला तो उतरला तेव्हा मागून कोणीतरी 'दाऽदा' सुरू केलं. मी मागे वळून बघितलं, बहुतेक फार वाईट नजरेने, कारण ते थांबलं. मारामारी झाली तेव्हा मी बसून राहिले. पण पायांना उभं राहायचं होतं. तेही लिहून ठेवते.

पाच आठवडे काकांचा फोन वाजला नाही. सहाव्या आठवड्यात वाजला. एप्रिलच्या एका सकाळी टोरांटोच्या बसस्टँडवरून आम्ही ग्रँटला घेतलं आणि काकांच्या ओळखीच्या डॉक्टरिणीकडे नेलं. उजेड सहन होत नाही म्हणून त्याने काळा चष्मा लावला होता, आणि अक्षरं हलतात म्हणून फॉर्म मी भरत होते. नाव, वय चौतीस, पत्ता. मग सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव, आणि त्याखाली रुग्णाशी नातं.

मी पेन तिथेच धरून थांबले. फॅन असं लिहायला लाज वाटत होती. काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि ग्रँटला विचारलं की ह्या तुमच्या कोण.

"बहीण," तो म्हणाला. "धाकटी."

त्या मुलीने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. ग्रँटने चष्मा थोडा वर केला आणि तिला समजावून सांगितलं.

"ती मला दादा म्हणते. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ थोरला भाऊ. दुसराही एक अर्थ आहे, पण ते काम मी आता सोडलं."

त्याच्या लक्षात राहिलं होतं. दोन्ही. मी फॉर्मवर 'बहीण' लिहिलं आणि सही केली.